डबा नंतर बघा, आधी कीबोर्ड, स्क्रीन आणि प्रिंटर बघा

मागच्या आठवड्यात एक काका दुकानात आले, मोबाईलमधला फोटो पुढं केला. कुठल्यातरी दुकानाचं कोटेशन होतं. आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात "कीबोर्ड माउस फ्री". मॉनिटरपुढं नुसतं "१९ इंची" लिहिलेलं. काका म्हणाले, बघा बरं, चांगला आहे का, पोरीसाठी घेतोय. मी विचारलं पोरगी काय करणार आहे त्याच्यावर, तर म्हणाले १२वी झाली, टायपिंगची परीक्षा द्यायचीय, मग सरळसेवेचा अभ्यास, आणि तिच्या आईचा बचत गट आहे त्याचा हिशोब पण घालायचा म्हणते.

तहसील कचेरीजवळ माझं टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, सतरा वर्षं झाली, आणि हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. दरवेळी तेच दिसतं. सगळा पैसा डब्यात, म्हणजे सीपीयूत, आणि ज्या वस्तूंना माणूस रोज हात लावणार, ज्याच्याकडं आठ-आठ तास बघणार, त्या फुकटातल्या. खरं तर उलटं पाहिजे. टायपिंग, फॉर्म आणि हिशोबाला आय-थ्री सुद्धा आरामात पुरतो, पण वाईट कीबोर्ड आणि अंधुक स्क्रीन पोरीचा वेग आणि डोळे दोन्ही खातात.

एमएससीआयटीला आपण सगळ्यांनी पाठ केलंय, माहिती आत घालायची ती इनपुट डिव्हाइस, बाहेर काढायची ती आऊटपुट डिव्हाइस, कीबोर्ड माउस स्कॅनर माइक इकडं, मॉनिटर प्रिंटर स्पीकर तिकडं. टचस्क्रीन दोन्हीकडं. परीक्षेला तेवढं बास आहे, पण वस्तू घ्यायला ते उपयोगाचं नाही. घ्यायच्या वेळी स्वतःला एकच विचारायचं, माझ्याकडून दिवसातनं सगळ्यात जास्त वेळा कोणतं काम होणार आहे? दिवसाला दहा हजार वेळा बटण दाबणार असाल तर कीबोर्ड, दिवसाला शंभर कागद काढणार असाल तर प्रिंटर. जे जास्त घासणार तिथं पैसा घालायचा, बाकी ठिकाणी साधं घेतलं तरी चालतं.

आता कीबोर्डचं सांगतो, कारण मराठीवाल्यांना कीबोर्ड वेगळ्या नजरेनं बघायला लागतो आणि हे कुठलाच दुकानदार सांगत नाही. मराठी टाइप करायच्या तीन पद्धती चालतात. जुने टायपिस्ट रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरवर अक्षरं जिथं होती तशीच. बरेच जण फोनेटिकवर, इंग्लिशमध्ये लिहिलं की मराठी उमटतं. आणि तिसरी इनस्क्रिप्ट, जी सरकारी मानक आहे आणि प्रत्येक विंडोजमध्ये आधीच असते, वेगळं काही टाकायला लागत नाही. इनस्क्रिप्टची रचना फार विचार करून केलेली आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक सगळी उजव्या हाताला. "पाटील" लिहून बघा. प उजव्या हातानं, काना डाव्या हातानं, ट उजव्या, दीर्घ वेलांटी डाव्या, ल परत उजव्या. हात एकाआड एक पडतात, ढोलकीवर पडतात तसे, म्हणून सवय झाली की वेग येतो. मी स्वतः फोनेटिक सोडून इनस्क्रिप्टवर आलो तेव्हा पहिले तीन आठवडे जीव नकोसा झाला होता, पण आता बोटांनाच माहितीय कुठं काय आहे.

पण ह्याचा कीबोर्ड निवडण्याशी काय संबंध, तर हा संबंध. इनस्क्रिप्टमध्ये च, ट, ड आणि य ही अक्षरं इंग्लिश अक्षरांच्या बटणांवर नाहीत, ती उजव्या कडेच्या चिन्हांच्या बटणांवर आहेत. सेमीकोलनवर च, त्याच्या शेजारच्या अवतरणचिन्हावर ट, चौकटी कंसावर ड, तिरक्या रेघेवर य. इंग्लिश टाइप करणाऱ्याला ही बटणं कधीतरी लागतात, आपल्याला प्रत्येक ओळीत लागतात. "आहेत का याच्या ट्रॅक्टरचे कागद" एवढं लिहायला सुद्धा करंगळी तिथं सहा वेळा जाते. आणि स्वस्तातले छोटे कीबोर्ड, काही लॅपटॉपचे पण, जागा वाचवायला नेमकी हीच उजव्या कडेची बटणं बारीक करतात नाहीतर इकडंतिकडं सरकवतात. म्हणून मराठीसाठी घेताना पूर्ण आकाराचाच कीबोर्ड घ्या आणि उजव्या कडेची बटणं बाकीच्यांएवढीच आहेत का ते बघा.

आत दोन प्रकार असतात. साध्या कीबोर्डमध्ये बटणाखाली रबराची टोपी असते, ती दबली की खालच्या प्लॅस्टिकच्या पडद्यावरचे दोन पट्टे एकमेकांना टेकतात. ह्याला मेंब्रेन म्हणतात. स्वस्त, आवाज कमी, पण वर्ष-दोन वर्षं रोज मार खाल्ला की रबर मऊ पडतं आणि काही बटणं जोरात दाबायला लागतात, सगळ्यात आधी काना आणि स्पेसबार. दुसरा मेकॅनिकल, त्यात प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्प्रिंग आणि स्वतंत्र स्विच. चांगल्या कंपनीचे स्विच ५ कोटी दाबांच्या वर चालतात असं कंपन्या लिहून देतात. आपल्याकडच्या ऑफिसांमध्ये टीव्हीएस गोल्ड बघितला असेल, टकाटक आवाज येणारा, तो ह्याच जातीचा, आणि पंधरा पंधरा वर्षं चाललेले मी बघितलेत. महाग आहे. पण टायपिंगची परीक्षा द्यायची असेल, शासनाच्या संगणक टायपिंगला मिनिटाला ३० किंवा ४० शब्द काढायला लागतात, तर रोज तास-दोन तास सराव होणार, आणि मग तो पैसा वसूल आहे. नुसतं ईमेल आणि गेम असेल तर मेंब्रेन घ्या, काही बिघडत नाही. मराठी अक्षरं छापलेला मिळाला तर घ्या, पण स्टिकर लावू नका, महिन्यात कडा सुटतात आणि बोटाला चिकट लागतं, आणि खाली बघायची सवय लागली की वेग कधीच येत नाही.

माउसवर फार वेळ घालवायची गरज नाही. डग्लस एंगलबार्टच्या टीमनं १९६४ ला पहिला माउस लाकडाचा केला होता आणि ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत सगळ्यांसमोर दाखवला, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. खोक्यावर "७२०० डीपीआय" वगैरे लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. ८०० डीपीआय म्हणजे हात एक इंच हलवला की माउस ८०० टप्पे मोजतो, १९२० पिक्सेल, म्हणजे ठिपके, रुंदीचा पडदा अडीच इंचाच्या आत पार होतो, रोजच्या कामाला तेवढं भरपूर. बघायचं ते हे की हातात नीट बसतो का, मोठ्या हाताला बारका माउस दिला की संध्याकाळी मनगट दुखतं. आणि दुकानात काचेचा काउंटर असेल तर खाली पॅड लागणारच, साधा ऑप्टिकल माउस काचेवर चालत नाही कारण तो खालच्या पृष्ठभागाचे बारीक बारीक फोटो काढून आपण किती सरकलो ते ओळखतो, काचेवर त्याला काही दिसतच नाही. बऱ्याच जणांनी ह्याच कारणानं चांगले माउस खराब समजून टाकून दिलेत.

आता स्क्रीन. काकांच्या कोटेशनमधला १९ इंची म्हणजे बहुतेक १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा. इंग्लिशला तो कसाबसा चालतो. मराठीला नाही, आणि का नाही ते बघा. वर्डमध्ये १२ साइजचं अक्षर म्हणजे साध्या सेटिंगला पडद्यावर १६ पिक्सेलची उंची. त्या १६ ठिपक्यांत शिरोरेषा, वरची मात्रा, अनुस्वार, रफार, मधलं अक्षर आणि खालचा उकार सगळं बसवायचं. "कर्तृत्व" हा एक शब्द घ्या, वर रफार, खाली ऋकार, शेवटी जोडाक्षर. कमी पिक्सेलच्या पडद्यावर त्या ऋकाराचा नुसता ठिपका होतो. मग पोरं पुढं वाकतात, नाक स्क्रीनला लावून वाचतात, आणि घरचे म्हणतात कॉम्प्युटरमुळं चष्मा लागला. शिवाय "द्ध" आणि "ध्द" मधला फरक दिसला नाही की अर्जात चुकीचं नाव जातं, आणि नावात एक जोडाक्षर चुकलं की पुढं प्रतिज्ञापत्र, राजपत्र, सगळे हेलपाटे त्या माणसाला. माझ्या दुकानात हे झालेलं आहे, म्हणून स्क्रीनच्या बाबतीत मी कोणाला काटकसर करू देत नाही.

घ्यायचा तर १९२० बाय १०८० चा, २१.५ किंवा २४ इंच. २१.५ ला एका इंचात साधारण १०२ पिक्सेल येतात, २४ ला ९२, आणि तोच १०८० वाला २७ इंची घेतला तर फक्त ८२ च्या आसपास, म्हणजे मोठा घेतल्यानं अक्षर मोठं होतं पण सुबक होत नाही, उलट ठिपके दिसायला लागतात. २७ घ्यायचाच असेल तर २५६० बाय १४४० चा घ्या. आणि घरी आणल्यावर डिस्प्ले सेटिंगला स्केल १२५ टक्के करा, त्याच १२ साइजच्या अक्षराला १६ ऐवजी २० पिक्सेल मिळतात. जुन्या १३६६ वाल्यावर हे करून उपयोग नाही, निम्मी विंडो बाहेर जाते. पॅनल, म्हणजे आतला पडदा, आयपीएस जातीचा आहे का विचारा. टीएन नावाच्या दुसऱ्या जातीच्या पॅनलवर जरा खालून किंवा बाजूनं बघितलं की रंग फिरतात, आणि आमच्यासारख्या दुकानात गिऱ्हाईक बाजूला उभं राहून आपलं नाव तपासतं, त्याला काळं पांढरं दिसलं तर तो काय तपासणार. डब्याला एचडीएमआय असेल तर तीच वायर लावा, निळ्या व्हीजीएच्या वायरनं अक्षराच्या कडा जरा पुसट होतात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि अंतर एक हात. स्टँड उंच होत नसेल तर खाली जाड वही ठेवा, चालतं.

प्रिंटरवर लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण प्रिंटरची किंमत खोक्यावर नसते, शाईत असते. समजा एक प्रिंटर ४००० ला आहे आणि त्याचं ८०० रुपयांचं काळं कार्ट्रिज १२० पानं देतं. पान पडलं साडेसहा रुपयांच्या वर. दुसरा इंकटँकवाला १२००० ला आहे, ४०० रुपयांच्या बाटलीत ४००० पानं, पान पडलं १० पैशाला, कागदाचा खर्च दोन्हीकडं वेगळा धरायचा. ८००० चा फरक साधारण १२०० पानांतच भरून निघतो. बचत गटाला, शाळेला, क्लासवाल्याला १२०० पानं म्हणजे काहीच नाही. कंपनी पानांचा जो आकडा लिहिते तो पानाचा साधारण ५ टक्के भाग भरलेला धरून असतो, म्हणजे एका पत्रासारखं पान. फोटो आणि काळ्या पट्ट्यांचं पान काढलं की तो आकडा झपकन खाली येतो, हे धरून चाला.

पण इंकटँक सगळ्यांना नको. शाई पाण्याची असते, महिनाभर पान काढलं नाही की शाई फवारणाऱ्या हेडच्या बारीक भोकात ती सुकते, मग हेड साफ करण्यातच अर्धी बाटली जाते. ज्यांच्या घरी महिन्यातनं चार पानं निघतात त्यांनी लेझर घ्यावा. लेझरमध्ये शाईच नाही, प्लॅस्टिकची बारीक पावडर असते, तिला टोनर म्हणतात. आतल्या गोल ड्रमवर विजेचा भार देतात, लेझरचा किरण जिथं जिथं पडतो तिथला भार निघून जातो, तिथं पावडर चिकटते, ती कागदावर उतरते, आणि शेवटी २०० अंशाच्या आसपास तापलेल्या रोलरखालून कागद जातो, पावडर वितळून धाग्यात बसते. म्हणून पान बाहेर येतं तेव्हा गरम लागतं. ही कल्पना चेस्टर कार्लसन नावाच्या माणसानं २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात एका भाड्याच्या खोलीत पहिल्यांदा करून दाखवली, आपलं झेरॉक्स मशीन त्यातनंच आलं. फायदा काय, तर पावसात सातबारा भिजला तरी लेझरचं अक्षर पसरत नाही. शाईवाल्या इंकजेटचं रंगीत तर हमखास पसरतं.

लेझरची एक गोष्ट मात्र मनावर घ्या. तो रोलर तापताना प्रिंटर एकदम पाचशे-हजार वॅट ओढतो. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देऊ शकतो. मी सुरुवातीला प्रिंटर यूपीएसच्याच सॉकेटमध्ये लावला होता, मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. लाइट गेलेली, एका मुलीचा फॉर्म भरत होतो, शेवटची तारीख, पेमेंट झालं, पावतीसाठी प्रिंट दिली आणि यूपीएस ट्रिप होऊन सगळंच बंद. पैसे कापले गेले, पावती नाही, फॉर्म पूर्ण झाला की नाही कळेना. रात्री साडेदहापर्यंत ती आणि तिचा भाऊ दुकानात बसून होते, शेवटी लाइट आली आणि झालेला दिसला, पण त्या तीन तासात त्या पोरीचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. लेझर प्रिंटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावायचा, यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर, मॉनिटर आणि राउटर. आणि पावसाळ्यात कागदाची रिम उघडी ठेवू नका, कागद हवेतलं पाणी ओढतो, मग गरम रोलरखाली त्याची गुंडाळी होते आणि पान अडकतं, दोष बिचाऱ्या प्रिंटरला.

डॉट मॅट्रिक्स अजून जिवंत आहे कारण तो पिना आपटून छापतो, खाली कार्बन असेल तर एका वेळी तीन प्रती निघतात आणि पासबुकासारखी जाड वही पण चालते. घरी नको. दुकानाच्या बिलाला थर्मल, त्यात शाईच नसते, कागदच उष्णतेनं काळा होतो. म्हणून ती पावती उन्हात, गाडीच्या काचेमागं ठेवली की काळवंडते नाहीतर कोरी होते. वॉरंटीची पावती थर्मलवर मिळाली तर त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढून ठेवा.

स्कॅनर घेताना "४८०० डीपीआय" बघू नका. ए-फोर कागद ३०० डीपीआयला स्कॅन केला की साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतात, रंगीत असेल तर दाबण्याआधी २६ एमबी. ६०० ला केला की चौपट, १०४. आणि फॉर्मवाले फोटो मागतात ५० केबीच्या आत. कागदपत्रांना २००-३०० च्या वर जायचं कारण नाही, जुना फोटो मोठा करायचा असेल तेवढ्यापुरतं ६००. थोडी कागदपत्रं असतील तर मोबाईलवरच्या स्कॅनच्या ॲपनं चांगल्या उजेडात काढलं तरी भागतं, काकांना मी वेगळा स्कॅनर घेऊच नका म्हटलं.

किराणावाले विचारतात बारकोड गन कुठली. गन ही कॉम्प्युटरच्या लेखी कीबोर्डच असते, ती आकडे वाचते आणि टाइप करून शेवटी एंटर मारते, म्हणून कुठल्याही बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चालते. नुसत्या लाल रेघेची लेझर गन क्यूआर वाचत नाही आणि मोबाईलच्या स्क्रीनवरचा कोड पण तिला जमत नाही. थोडे पैसे जास्त घालून टू-डी घ्या.

आणि अंगठ्याचं मशीन. आधारला चालणारं मशीन मान्यता असलेलंच लागतं, ऑनलाइन स्वस्त दिसलं म्हणून घेऊ नका. पण मला खरं सांगायचंय ते वेगळं. ऊसतोडीच्या बायका, गवंडीकाम करणारे, म्हातारी माणसं, ह्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीन "पुन्हा प्रयत्न करा" म्हणतं आणि माणूस ओशाळतो, जणू त्याचीच चूक. त्यात त्याची काही चूक नाही. काच मऊ कापडानं पुसा, बोट कोरडं असेल तर ओल्या रुमालाला हलकं टेकवून घ्या, टोक न दाबता बोट सपाट ठेवायला सांगा, अंगठा नाही आला तर दुसरी बोटं बघा. तरी नाही आलं तर डोळ्याच्या स्कॅनरवर किंवा चेहऱ्यावरून पडताळणी होते, जिथं ती सोय आहे तिथं. असं काम दुकानात करायचं असेल तर आयरिस स्कॅनर, म्हणजे हाच डोळ्याचा, घेऊन ठेवाच, दिवसाला दोन माणसं जरी परत जायची वाचली तरी तो घेतल्याचं सार्थक आहे.

ज्यांना कीबोर्ड जमत नाही त्यांना आता बोलून मराठी लिहिता येतं, गूगलनं २०१७ ला मराठी घातलं. पंखा चालू असलेल्या खोलीत लॅपटॉपच्या माइकला मात्र निम्मं ऐकू जातं, तोंडाजवळ माइक येणारा साधा हेडसेट घ्या, फरक लगेच दिसेल. माझ्याकडं एक मुलगा येतो, त्याला दिसत नाही. तो एनव्हीडीए वापरतो, स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर, मायकल करन आणि जेम्स टेह ह्या स्वतः दृष्टिहीन असलेल्या दोन ऑस्ट्रेलियन मुलांनी उभं केलेलं, मराठी पण वाचतं. त्याच्या भावानं त्याला मोठा मॉनिटर घेतला होता. मी म्हटलं, अरे ह्याला मॉनिटर नाही, चांगला हेडफोन घे, कान न दुखणारा, दिवसभर घालता येणारा. त्याचा आऊटपुट डिव्हाइस तो आहे.

काकांचं शेवटी असं झालं. आय-थ्री, ८ जीबी, एसएसडी तीच ठेवली. वाचलेल्या पैशात २१.५ इंची आयपीएस मॉनिटर आणि मेकॅनिकल कीबोर्ड बसला, प्रिंटर दिवाळीनंतर बघू म्हणाले, गटाच्या बायका मिळून इंकटँक घेणार आहेत. कीबोर्ड घ्यायला पोरगी स्वतः आली होती. दुकानदाराला म्हणाली कॉम्प्युटरला जोडून द्या, मग उभ्या उभ्या आपलं पूर्ण नाव चार-पाच वेळा टाइप केलं, गावाचं नाव केलं, मग कडेची बटणं एकेक करून दाबली. ट दोनदा उमटत होता. तिनं दुसरा पीस मागितला, तो पण तसाच जोडून बघितला, आणि मग पैसे दिले.